मागची माणसं काढून टाक

कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या, हा आमच्या स्टुडिओतला पहिला नियम. धूळ चालायची नाही त्याला. उकाडाही चालायचा नाही. उल्हासनगर कॅम्प चारमधली ती गल्ली, बाजूला जीन्स शिवणारे, समोर फरसाणवाला, सगळे घामाने निथळताहेत, आणि आमच्याकडे त्या डब्याला एसी! शेठने तो आणला त्या दिवशी नारळ फोडला, मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि मला म्हणाला, "देख, ये लक्ष्मी है. इसको गुस्सा नहीं दिखाने का." माझा राग अख्ख्या गल्लीला माहीत होता.

रागीट आहेच मी. लोक म्हणतात, वय झालं की माणूस निवळतो. डोंबल निवळतो! काही गोष्टी आठवल्या की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्यातली एक त्या कॉम्प्युटरवर शिकलेल्या कामाची आहे. फोटोतल्या माणसाच्या मागचं सगळं काढायचं आणि तिथे दुसरं काहीतरी लावायचं, ते काम. नव्वदीच्या मधल्या वर्षांत आमच्या भागात ते येणारी मुलगी बहुतेक मीच एकटी असेन.

मी तिथे लागले तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, पडदे होते. एकावर तळं आणि हंस, एकावर बंगल्याचा जिना, एकावर नुसतेच निळे ढग. हंसाची मान रंगवणाऱ्याने इतकी वाकडी काढली होती की तो कुणाला तरी चावायला निघाल्यासारखा दिसायचा. पडदा खोटा आहे हे शेठला माहीत, गिऱ्हाइकाला माहीत, फोटो बघणाऱ्या पाहुण्यालाही माहीत. त्या खोटेपणाचा मला कधी राग आला नाही. तिथे माणूस स्वतःच्या पायाने येऊन हंसापुढे उभा राहायचा, केस नीट करायचा आणि म्हणायचा, हां, आता काढा. मी फोटोंवर ब्रशने टचिंग करायचे, डाग घालवायचे, आणि संध्याकाळी अंबरनाथला घरी जायचे. बरं चाललं होतं.

मग ते यंत्र आलं. शेठ सिंधी, मनाने वाईट नव्हता, पण नव्या गोष्टीचं त्याला भारी वेड. कुणीतरी त्याला मुंबईत दाखवलं होतं, की घरात काढलेला फोटो स्कॅन करून माणसाच्या मागे डोंगर लावता येतो. झालं! कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर, सगळं घेऊन आला, आणि शिकवायला कल्याणच्या एका क्लासमधले सर रविवारी यायला लागले. ते चार रविवार आले, मला अर्धवट शिकवलं आणि मग येईनासेच झाले. पुढचं सगळं माझं मी शिकले. शिव्या घालत शिकले.

कारण ते काम वाटतं तितकं सोपं नाही. माउस म्हणजे ओला साबण. कडेने रेघ ओढायला जावं तर हात हलायचा आणि माणसाचा कान उडायचा. पहिल्या दिवसांत मी कितीतरी जणांचे कान उडवले. सॉफ्टवेअरमध्ये एक जादूची कांडी होती. एका रंगावर ती टेकवली की तो रंग असेल तेवढा सगळा भाग आपोआप निवडायची. निळ्या आभाळावर झकास चालायची. पण माणसाने भिंतीच्या रंगाचा शर्ट घातला असेल तर भिंतीबरोबर शर्टही जायचा आणि गिऱ्हाईक उघडं पडायचं. शिवाय चूक झाली तर मागे घ्यायची सोय फक्त एकदाच. दुसरी चूक केली की पहिली कायमची झाली. मध्येच लाइट जायची, सगळं काम पाण्यात. मी टेबलावर हात आपटायचे, बाहेरून शेठ ओरडायचा, "छा थियो? क्या हुआ? लक्ष्मी को मारती है क्या?"

पण जमलं. केसांची कड मऊ करायला जमली, सावली कुठल्या बाजूला पडायला हवी ते कळायला लागलं. मग गिऱ्हाइकं सुटलीच. कुणाला बर्फ, कुणाला सिंगापूर. कॅम्प एकवरून एक माणूस आला, त्याला बायकोमुलांसकट विमानाच्या पायऱ्यांवर उभं राहायचं होतं. मी म्हटलं, "काका, पायात स्लिपर आहे तुमच्या." तो म्हणाला, "तो जूते डाल दो ना." घातले बाबा बूट! मला काय, हसायचे आणि करायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मला वाटायचं, या कामात वाईट असं काही नसतंच.

आता ताईचं सांगते. ताई माझी सख्खी मोठी बहीण. आमचे बाबा अंबरनाथला केमिकल कंपनीत फिटर, आम्ही तिथेच चाळीत राहायचो. ताई दुसऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट लागली आणि तिथेच तिचं जुळलं. मुलगा बदलापूरचा, हिंदू. वडील कारखान्यात ऑफिसर होऊन रिटायर झालेले, सोनिवलीकडे नव्या बिल्डिंगमध्ये ऐसपैस फ्लॅट. आम्ही बौद्ध. बाबांच्या वडिलांनी धर्मांतरानंतर घरातले देव टोपलीत भरून नदीला सोडले, आणि बाबा ती गोष्ट अशी छाती फुगवून सांगायचे की जणू टोपली यांच्याच डोक्यावर होती. त्यामुळे आमच्याकडे धाकधूक होती, पोर तिथे राहील कशी म्हणून. पण ती मंडळी घरी आली आणि इतकी गोड बोलली की विचारू नका. "आम्ही जातपात मानतच नाही हो," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे ताईच्या सासूबाई. आईने केलेले पोहे त्यांनी मागून घेऊन खाल्ले. बाबा खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू?

लग्न आमच्या पद्धतीने झालं, अंबरनाथच्याच एका हॉलमध्ये. पांढरं कापड लावलेलं स्टेज, मध्ये बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, ताई पांढऱ्या साडीत, भाऊजी पांढऱ्या शर्टात. वंदना म्हणताना बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर. त्यांच्याकडून मात्र मोजकी घरचीच माणसं आली. "गावाला लांब पडतं सगळ्यांना," काकू म्हणाल्या, "रिसेप्शन आम्ही बदलापूरला दणक्यात करू." ते करू म्हणाले आणि करूच म्हणत राहिले. आधी हॉल मिळेना, मग कुणाची तरी तब्येत, मग पितृपक्ष, मग विषयच निघेना. बाबा आपले वाट बघताहेत, नवा शर्ट कपाटात घडी घालून ठेवलेला. शेवटी मीच म्हटलं, घाला तो शर्ट आता कामावर.

लग्नातले फोटो मीच काढले होते, शेठचा कॅमेरा मागून आणून. त्यातला एक खरोखर सुंदर आला होता. ताई आणि भाऊजी खुर्च्यांवर, मागे मूर्ती, मूर्तीच्या एका बाजूला बाबा छाती काढून उभे, दुसऱ्या बाजूला आई. आईने ताईच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि नेमके तिचे डोळे मिटले होते. तरी तो फोटो आम्ही मोठा करून घरात लावला होता, एक प्रत ताईलाही दिली होती. आल्यागेल्याला बाबा आधी तो दाखवायचे, पाणी नंतर.

पुढच्या वर्षीचे गणपती जवळ आले होते. एके दिवशी दुपारी काकू स्टुडिओत आल्या. मला आनंदच झाला. शेठला सांगून चहा मागवला, एसीच्या खोलीत बसवलं, चपला बाहेर काढायला लावल्या. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तोच फोटो काढला.

"घरचंच काम आहे गं," काकू म्हणाल्या. "तू ते मागचं बदलतेस ना कॉम्प्युटरवर? ताई सांगत होती, फार हुशार आहे म्हणून."

मी म्हटलं, "हो, काय हवंय मागे?"

"साधंच. लाल मखमली पडदा वगैरे, फुलांच्या माळा. लग्नासारखं दिसलं पाहिजे."

मी फोटोकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "काकू, हे लग्नच आहे."

"अगं हो, ते मला माहीत आहे ना! पण गणपतीला गावाहून आमचे मोठे दीर येणार, जाऊबाई येणार. त्यांना आम्ही सांगितलंय की लग्न घाईत झालं, मोजक्या माणसांत, पण रीतसर झालं. हॉलमध्ये फोटो लावायचा तर हा कसा लावू? आणि ती पांढरी साडी, बाई गं! नवी नवरी पांढऱ्या साडीत. जाऊबाई बघूनच रडायला लागतील. ती हिरवी होईल का?"

रीतसर म्हणे! म्हणजे आमची रीत ती रीत नव्हे. मी फोटोकडेच बघत बसले. काकूंना वाटलं मी विचार करतेय कसं करायचं त्याचा. त्या खुर्ची पुढे ओढून उत्साहाने सांगायला लागल्या.

"कुंकू जरा मोठं कर. आणि हो, मुंडावळ्या घालता येतील का गं दोघांना? छान मोत्यांच्या?"

"मुंडावळ्या," मी म्हटलं.

"आणि मागची माणसं काढून टाक. उगाच गर्दी दिसते."

मागची माणसं! त्या फोटोत मागे उभी होती ती माझी आई आणि माझे बाबा. बाईने त्यांच्या घरचे पोहे मागून खाल्ले होते. आणि बोलताना तोंडावर काही नाही हो, ना लाज, ना अडखळणं. शेजारणीला विरजण मागावं तितक्या सहज मागत होत्या. मी उठले, फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "काकू, मुंडावळ्या लग्नात घालतात, नंतर नाही. हे माझ्याच्याने होणार नाही."

काकूंचा चेहरा उतरला, पण आवाज तसाच गोड. "तू रागावू नकोस. ताईशी बोल एकदा. फोटो राहू दे इथेच." आणि गेल्या, चहा न घेता.

शेठने काचेतून सगळं बघितलं होतं. त्याला मी भडाभडा सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "अरे, कस्टमर बोला तो करने का. बॅकग्राउंड तो बॅकग्राउंड है, साईं. तेरे से नहीं होता तो मैं कर देता है." त्याला काय ठाऊक कुणाला कापायचंय ते! मी म्हटलं, "हात लावून बघा त्या फोटोला." बिचारा गल्ल्यावर जाऊन बसला.

रविवार उजाडला तशी मी बदलापूरला गेले. वाटेभर मनात भाषण जुळवत होते, की ताई, तुझ्या सासूने काय मागितलं ते ऐकशील तर वेडी होशील. ताईला तेव्हा सहावा महिना होता. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. घरात बाकी कुणी नव्हतं. मी सगळं सांगितलं, मुंडावळ्यांसकट. ताई एकेक चिमटा लावत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीच पाठवलं त्यांना तुझ्याकडे."

"तू?"

"त्या बाजारातल्या कुठल्या तरी स्टुडिओत देणार होत्या. त्याने फोटो बघून चार प्रश्न विचारले असते, चार ठिकाणी सांगितलं असतं. म्हटलं त्यापेक्षा तू कर. तू नीट करशील."

मी ओरडलेच. "नीट? आई-बाबांना कापायचं ते नीट कापायचं? लाज कशी वाटत नाही तुला?"

"हळू बोल. खाली ऐकू जातं."

"जाऊ दे ऐकू! तुझं लग्न झालंय ना? का ते पण लपवायचंय?"

ताई वळली. तिचा चेहरा मी आधी नीट बघितलाच नव्हता. डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती म्हणाली, "तू इथून भांडून निघून जाशील, आणि मी इथेच असणार. रोज असणार. ही माणसं मला मारत नाहीत, टोचून बोलत नाहीत, जेवायला माझ्यासाठी थांबतात. त्यांना फक्त गावाची भीती वाटते. गावची माणसं जाईपर्यंत तो फोटो राहील, मग मी स्वतः काढून आपला लावीन. माझं बाळंतपण आहे, मला यांच्याशी भांडण नकोय आत्ता. एवढं कर माझ्यासाठी."

भाऊजी कुठे आहेत, विचारलं मी. जातपात न मानणारे भाऊजी! तर ते म्हणे काकूंना म्हणाले, "तुम्ही बायका बघा काय ते." बघा काय ते! म्हणजे बोट लावायचं नाही आणि ताट मात्र वाढून पाहिजे. मला त्या सगळ्या घराचा इतका संताप आला की गॅलरीतून उडी मारावी असं वाटलं, पण ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि उडी मारून काय झालं असतं, पाय मोडला असता माझाच.

आता माझा शेवटचा आधार बाबा. बाबा म्हणजे कसला माणूस! कंपनीत साहेबाला तोंडावर सुनावणारा. विहारात उभा राहिला की माइक लागायचा नाही. मला पक्कं ठाऊक होतं, हे ऐकलं की बाबा उठतील, तसेच बदलापूरला जातील आणि त्या काकूंचा मखमली पडदा त्यांच्याच गळ्यात बांधून येतील. मला तेच हवं होतं. मी त्यांना चहा घेताना सांगितलं, मुद्दाम काही न गाळता.

बाबांनी विचारलं, "मूर्ती काढायला सांगितली?"

"हो."

"आणि आम्हाला पण?"

"तुम्हाला पण. गर्दी दिसते म्हणे."

बाबांनी बशीत चहा ओतला. प्याले. बशी खाली ठेवली. मी वाट बघतेय, आता फुटतील, आता फुटतील. ते म्हणाले, "कर मग."

"काय?"

"तिला तिथे राहायचंय. तुझ्या-माझ्या रागाने तिचं घर चालणार आहे का? कर आणि चांगलं कर, कुणाला संशय येता कामा नये." आणि उठून नळावर तोंड धुवायला गेले. आत्ताच तर चहा प्यायले होते, तोंड कशाला धुवायचं?

आई मोरीशी भांडी घासत होती. ती मान वर न करता म्हणाली, "नाहीतरी माझे डोळे मिटलेत त्यात. काढलेलं बरं."

सांगा, आता भांडायचं कुणाशी? ज्यांना कापायचं तीच माणसं म्हणताहेत, काप. मला त्या दिवशी काकूंपेक्षा माझ्या घरच्यांचा जास्त राग आला. इतका समजूतदारपणा आणायचा कुठून, आणि आणायचा कशाला? एकाने तरी ताट आपटायचं होतं. एकाने तरी म्हणायचं होतं, की आम्ही लग्नाला आलो होतो, आम्हाला कोण काढतो ते बघतो.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. शेठ म्हणाला, "मैं करूँ?" मी म्हटलं, नको. आई-बाबांना कापायचंच असेल तर निदान सरळ कापावं. शेठचा हात थरथरतो.

फोटो स्कॅनरवर ठेवला. सवयीने आधी जादूची कांडी टेकवली मागच्या कापडावर, आणि सगळंच निवडलं गेलं. कापड पांढरं, ताईची साडी पांढरी, भाऊजींचा शर्ट पांढरा, बाबांचाही पांढरा. कांडीला कळेचना कुठे स्टेज संपतं आणि कुठे माणसं सुरू होतात. मग बसले हाताने रेघ काढत, एकेक ठिपका ठेवत, ताईच्या पदराच्या कडेने. मूर्ती काढली. बाबांना काढलं. आईला काढलं. एका बटणाचं काम असतं ते. रेघ काढायला अर्धा दिवस, घालवायला काहीच नाही. मागे लाल पडदा लावला.

आणि आई गेल्यावरही तिचा हात ताईच्या खांद्यावर तसाच राहिला. मनगटापासून पुढचा. कारण तो ताईच्या पुढे होता, मागे नव्हता. मागचं काढून तो निघत नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे स्क्रीन धूसर झाली, आणि रडू आलं म्हणून मला अजूनच राग आला. लाल पडद्यापुढे नवरी बसलेली, आणि तिच्या खांद्यावर नुसता एक हात, दोन काचेच्या बांगड्या घातलेला. तो घालवायला ताईच्याच साडीचा तुकडा दुसरीकडून उचलून तिथे थोडा थोडा बसवावा लागला. बोटं, मग बांगड्या, मग मनगट. एसी चालू असूनही पाठीवरून घाम वाहत होता.

बाकीचं सोपं होतं. साडी हिरवी केली. मुंडावळ्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोतून काढल्या, फिरवून, लहान करून दोघांच्या कपाळावर बसवल्या. कुंकू मोठं केलं. मोत्यांची सावलीसुद्धा कपाळावर टाकली. रागाच्या भरात मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

काकूंनी फोटो बघितला आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "अगं, कुणाला कळणारसुद्धा नाही!" आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नसते. मी तोंड फिरवून निघून आले.

गावची माणसं आली, गणपती झाले, माणसं गेली. फोटो भिंतीवरच. मी ताईला विचारलं तर ती म्हणाली, "डिलिव्हरी होऊ दे." डिलिव्हरी झाली, मुलगी झाली. मग म्हणाली, बारसं होऊ दे, गावचे येतील. मग काकूंनी फोटोला मोठी सोनेरी फ्रेम केली, मग घरात रंग काढला तेव्हा फोटो उतरवला आणि रंग वाळल्यावर परत तोच लावला. आपला फोटो ताईच्या कपाटात साड्यांखाली होता, तिथेच राहिला. मी विचारायचं सोडून दिलं. विचारलं की ताईचा चेहरा असा व्हायचा की मीच गुन्हेगार! मी त्या घरात जायचे, भाचीला खेळवायचे, त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे.

कामही मी सोडलं नाही. कुठे जाणार होते? पण त्यानंतर कुणी "मागचं काढून टाका" म्हणालं की आधी विचारायचे, मागे कोण आहे? लोकांना वाटायचं, काय आगाऊ बाई आहे. शेठ म्हणायचा, "ये इनक्वायरी ऑफिस है क्या?" वाटू दे ज्याला जे वाटायचं ते.

भाची तीन वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. वाढदिवस होता. आम्ही अंबरनाथहून तिघं गेलो; बाबांनी नवा शर्ट घातला होता, आईने डबा भरून करंज्या नेल्या होत्या. काकू अगदी प्रेमाने आईला सोफ्यावर बसवत होत्या. हो, प्रेमानेच, तीच तर चीड येते. भाचीला तेव्हा नुकतं वेड लागलं होतं फोटोतली माणसं ओळखायचं. ती बाबांच्या मांडीवर उभी राहिली, भिंतीवरच्या फोटोला बोट लावून म्हणाली, "ही आई. हे पप्पा."

"हो तर," बाबा म्हणाले.

"लग्नाचा फोटो आहे."

"हो गं बाळा, लग्नाचा."

तिने फोटो नीट बघितला, कोपऱ्यांपर्यंत. मग मागे वळून बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आजोबा, तुम्ही आईच्या लग्नाला का नाही आलात?"

खोलीत सगळे होते. काकू होत्या, भाऊजी फुगे बांधत होते, ताई स्वयंपाकघराच्या दारात हातात बशा घेऊन उभी. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडात सगळं आलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नाही म्हणून. मग भाचीला म्हणाले, "कंपनीने सुट्टीच दिली नाही गं."

"आणि आजीला?"

"आजीलाही नाही दिली."

माझी आई आयुष्यात एक दिवससुद्धा कुठल्या कंपनीत कामाला गेलेली नव्हती. तिने करंज्यांचा डबा उघडला, एक करंजी भाचीच्या हातात दिली आणि म्हणाली, "नाही दिली बाई. साहेब फार वाईट होता."